‘ये’ म्हणणारं माणूस

४ एप्रिल

पोहोचलो एकदाचा! कागोशिमाहून निघालेल्या बोटीने वाटभर हेलकावे दिले, पण ढगांतून याकुशिमा बेट वर आलं आणि मी कठडा धरून वेड्यासारखा हसत सुटलो. समुद्रातून सरळ डोंगरच उभे. किनाऱ्याला चिकटून चार घरं, वर काळंहिरवं रान, रानाच्या वर ढग आणि ढगांच्या वरही पुन्हा डोंगर.

धक्क्यावर घरमालकीण फुमिए इवागावा स्वतः घ्यायला आल्या होत्या. सत्तरीच्या, पाय जरा फेंगडे, जीभ मात्र सरळ. मला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, ओसाकाची माणसं इतकी किडकिडीत असतात होय, वाऱ्याने उडालास तर शोधायला मी येणार नाही हं. मग माझी जड बॅग हिसकावून स्वतःच टेम्पोत टाकली. वाटेत खिडकीतून डोकं काढून गावभर ओरडत सुटल्या की हा माझा नवा भाडेकरू, कुरामोतो, माणसांना डोंगर हिंडवायला आलाय, त्याला स्वतःला चढता येतं का ते बघू.

त्यांच्या घरामागची पत्र्याची खोली मला मिळाली आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. इथे उशी ओली, मोजे ओले, काडेपेटीही ओली. पेनाची शाई कागदावर पसरते म्हणून पेन्सिलीने लिहितो आहे.

ओसाकात मी झेरॉक्सची यंत्रं विकत होतो. आधी कंपनीने नको म्हटलं, मग बायकोने. आता मी खाजगी सफरींचा गाईड. एक कुटुंब, एक गाईड, सकाळी चढायचं, संध्याकाळच्या आत खाली. डोंगर, झाडं, शुद्ध हवा ही कारणं दुसऱ्यांना सांगायला. खरं कारण चिहारु. अकरा वर्षांची माझी मुलगी. तिच्या आईने एवढंच कबूल केलंय की जुलैतल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इथे पाठवीन, तिला आवडलं तर पुढच्या वर्षापासून शाळेला इथेच राहू दे. नाही आवडलं तर विषय संपला.

आणि चिहारुला मी आवडणं कठीण. ती माझ्यासारखीच आहे, पटकन रुसणारी. रुसली की पाठ फिरवायची आणि चालू पडायचं. स्टेशनवर, दुकानात, कुठेही. मोठ्याने दोनदा हाक मारली तरच थांबते. एकदा मारून भागत नाही.

१० एप्रिल

सफर कंपनीचे मालक हामासाकी यांनी आज ‘वाळूची वाट’ ही आमची खास सफर समजावून दिली. गावाची जुनी रीत आहे. समुद्राची वाळू बांबूच्या नळीत भरून वरच्या दगडी देवळीत नेऊन ठेवायची आणि येताना रानातल्या गुलाबी फुलांच्या झुडपाची डहाळी घेऊन यायची, घरटी एक. पूर्वी वर्षातून दोनदा गावचे तरणे लोक जायचे. आता गावात तरणे लोकच नाहीत, तेव्हा रीत हामासाकींनी उचलली आणि जाहिरातीत टाकली. पाहुणे रोज जातात.

डहाळी तोडायला आता बंदी आहे. त्यावरही त्यांनी तोड काढली आहे. कापडी डहाळ्यांचे खोके मागवले आहेत. देवळीपाशी गाईडने त्या पिशवीतून काढायच्या आणि पाहुण्यांच्या हातात नम्रपणे ठेवायच्या. मी विचारलं, देवाला चालतं का हे. हामासाकी म्हणाले, तक्रार तर आली नाही अजून.

मला हा माणूस आवडला. झेरॉक्सचा धंदा मला कळतो.

१८ एप्रिल

पहिली सफर पार पडली! नागोयाचं एक जोडपं होतं. बाई मोठ्या देवदारापाशी रडल्या, बुवा पायऱ्यांवर रडले. शेवाळ एवढं की दगड कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं ते हात लावून बघावं लागतं. सतत पाणी ठिबकतं, पण कुठून ते दिसत नाही.

उतरल्यावर पाहुण्यांना हॉटेलची गाडी घेऊन जाते. मी एकटा जुन्या पायवाटेने गावात येतो. गावाच्या शिवेवर, फुमिएबाईंच्या संत्र्यांच्या बागेला लागून, गुडघ्याएवढा एक दगड आहे. तिथे फुमिएबाई थर्मास घेऊन बसलेल्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, आलास? ये. मग थर्मासच्या झाकणात चहा आणि पानात गुंडाळलेला गोड उंडा पुढे केला. मी इतका थकलो होतो की उभ्याउभ्याच उंडा संपवला. किती वर्षांत मला कोणी दारात ‘ये’ म्हटलं नव्हतं.

विचारलं तर म्हणाल्या, डोंगरावरून उतरणाऱ्याला शिवेवर कोणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं. वर गेलेल्याच्या पाठीला लागून वरचं काहीतरी उतरतं. ज्याला ‘ये’ म्हटलं तो माणूस, राहिलं ते डोंगराचं. मी म्हटलं, आणि कोणी म्हटलंच नाही तर? तर मला काय माहीत, म्हणाल्या, माझी सासू सांगायची, तिला जाऊन विचार, वरच्या स्मशानात आहे. आणि आपल्याच बोलण्यावर दात नसलेलं हसू हसल्या.

९ मे

हे कुठेतरी थांबवायलाच हवं होतं. फुमिएबाई रोज दगडापाशी हजर. रोज चहा, रोज पानातला उंडा, नाहीतर तळलेला उडता मासा. आता एखाद्याकडून रोज घ्यायचं आणि द्यायचं काहीच नाही, हे आपल्यात कसं शोभेल? मी ओसाकाहून बिस्किटांचा डबा मागवून दिला. तर बदल्यात धुरी दिलेला मासा आला. मी टॉवेल दिले. मुळ्याचं लोणचं आलं. मी छत्री दिली तर हातविणीचा पायमोजा आला, एकच, दुसरा चालू आहे म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी मी परतीच्या भेटी शोधत दुकानं पालथी घालायला लागलो. एवढ्या मायेचं ओझं मला झेपत नाही. ओसाकात शेजाऱ्याचं नाव माहीत नसायचं, ते बरं होतं.

त्यात काल पाहुण्यांनी हट्टाने माझ्याबरोबर पायवाट धरली आणि दगडापाशी बसलेल्या फुमिएबाईंना पाहून हळूच विचारलं, ही म्हातारी काही विकते का. हामासाकींच्या कानावर गेलं. ते म्हणाले, मिटवून टाका.

आज मी शक्य तितक्या गोड शब्दांत म्हणालो की तुम्हाला फार त्रास होतो, गुडघेही दुखतात, उद्यापासून नका येऊ. त्या म्हणाल्या, त्रास कसला रे, बागेला लागून तर आहे. मग मला म्हणावं लागलं की पाहुण्यांना अवघड वाटतं. त्या थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या, लागलं होतं तरी फिरवतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, बरं, ओसाकाकर, तुझी मर्जी, पण मग दुसरं कोणी तरी शोध. आणि पूर्ण वाकून मला नमस्कार केला. परक्याला करतात तसा.

वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

२५ मे

या बेटावर लोकांची डोकी पण ओली असावीत. दुकानात आलं घ्यायला गेलो तर दुकानदारीण म्हणते, आत्ताच तर नेलंत की हो, विसरभोळे झालात. मी म्हटलं, आत्ता तर डोंगरावरून उतरतोय. ती म्हणाली, तेच म्हणाला होतात मघाशीही.

खोलीवर आलो तर न्हाणीचं पाणी वापरलेलं. वर देवदाराच्या सुया तरंगत होत्या. माझा टॉवेल ओला. दारातले माझे चपलांचे जोड नीट, टोकं बाहेर करून लावलेले. मी कधी लावत नाही.

फुमिएबाईंना विचारावं म्हटलं, पण आता आमच्यात ‘पाऊस आहे’ आणि ‘हो, आहे’ एवढंच बोलणं उरलंय.

८ जून

आज चिहारुला फोन केला. एरवी तिची तीन उत्तरं ठरलेली असतात: हं, माहीत नाही, ठेवते. आज फोन उचलताच खिदळली. म्हणाली, बाबा, काल माकडिणीची नक्कल केलीस ना, ती पुन्हा कर.

काल मी फोन केला नव्हता.

मग तिची आई फोनवर आली. म्हणाली, खरं सांगू, तू बदललायस, काल बोलून बरं वाटलं. तिच्या तोंडून माझं कौतुक किती वर्षांनी ऐकलं, आणि तेही माझं नाही.

फोन फुमिएबाईंच्या ओट्यावर असतो. त्यांना विचारलं, काल इथून कोणी बोललं का. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, कोणी म्हणजे काय, तूच तर तासभर हसत होतास. आणि लाकडं फोडून दिलीस तीही न सांगता, अगदीच काही वाया गेलेला नाहीस म्हणायचं. त्यांचा माझ्यावरचा राग गेला आहे. मी काही केलेलं नसताना गेला आहे.

फोडलेली लाकडं पाहिली. एकसारखी. मला लाकूड फोडता येत नाही.

२१ जून

त्याला पाहिलं.

पाऊस होता. पाहुण्यांना गाडीत बसवून मी पायवाटेने खाली येत होतो. पुढच्या वळणावर माझं निळं जाकीट दिसलं, खांद्यावर मी चिकटपट्टी लावलेलं. अंगातलं चाचपून पाहिलं. माझं माझ्या अंगावर होतं. तो भराभर उतरत होता, मी ज्या दगडांवरून घसरतो त्यांवरून अजिबात न घसरता. मी हाक मारली. वळला नाही.

दगडाच्या अलीकडे बागेत फुमिएबाई गवत काढत होत्या. पावलं ऐकून कमरेवर हात ठेवून उठल्या, आणि जुन्या सवयीने तोंडातून गेलं, आलास? ये, किती भिजलास रे! तो थांबला. वाकला. मी धावत सुटलो, ओरडलो की तो मी नाही, मी इथे आहे, फुमिएबाई, इकडे बघा. त्यांनी माझ्या दिशेला पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, पाऊस वाढणार वाटतं.

त्याने त्यांची टोपली उचलून घेतली.

२३ जून

कोणालाच दिसत नाही मी. दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडत नाही. हामासाकींच्या टेबलावर मूठ आपटली. त्यांनी भूकंप झाला का म्हणून दिव्याकडे पाहिलं.

खोलीत तो राहतो. मी दगडाच्या वर, लाकूडतोड्यांच्या जुन्या पडवीत. परसातली रताळी खातो. भूक लागते, हे एक बरं आहे.

हॉटेलच्या दारातही जाऊन उभा राहिलो. तिथल्या मुली पाहुण्यांना वाकून ‘या, दमलात’ म्हणतात. म्हणूनच पाहुण्यांना काही होत नाही, आता कळतंय. मी पाहुण्यांच्या मध्ये घुसलो. एक मुलगी शहारली आणि तिने दार लावून घेतलं. माझ्या वाट्याचं ‘ये’ खर्च झालं आहे. दुसरं नाही.

फुमिएबाई, तुमचा एक पायमोजा अजून माझ्या पायात आहे. दुसरा त्याला मिळाला.

११ जुलै

आज एक गोष्ट कळली. पडवीपाशी बसलो होतो, वरून एक एकटा चढाईवाला उतरला. मला पाहून मान लवून नमस्कार म्हणाला! मी रडायचा बाकी राहिलो. त्याच्या मागे मागे गेलो. बोललो, त्याने ऐकलं, हवामानावर बोलला. दगडापाशी त्याची बायको छत्री घेऊन उभी होती. ती म्हणाली, आलात एकदाचे, या. त्या क्षणी तो माझ्याकडे वळून वाक्य पुरं करणार होता, ते त्याने केलंच नाही. माझ्या आरपार बघितलं.

म्हणजे ज्यांना अजून ‘ये’ म्हटलेलं नाही त्यांना मी दिसतो.

पण त्यांच्या ‘ये’ने माझं काही होत नाही. नंतर उतरलेल्या एकाकडून म्हणवून घेतलं. थट्टा समजून त्याने म्हटलंही. काही झालं नाही.

२७ जुलै

चिहारु आली.

परवा धक्क्यावर मीही होतो, त्याच्या मागे. तिने उडी मारली ती त्याच्या अंगावर. माझ्या अंगावर ती पाच वर्षांची झाल्यावर कधी आली नाही. केस कापलेत. पिवळा रेनकोट, नवे पांढरे बूट. फुमिएबाईंनी तिला पोटाशी धरून म्हटलं, ये गं बाई, बापासारखी किडकिडीत आहेस, तुला खाऊ घालायला लागणार.

खिडकीतून पाहतो. तो अंड्याचा भात करतो, वर सॉसने माकड काढतो. ती हसते. तिची कुरबूर झाली तर तो थांबतो, ऐकतो, मग बोलतो. मी असतो तर पहिल्याच जेवणाला भांडलो असतो. दुसऱ्या दिवशी तिने आईला फोनवर सांगितलं, मला इथेच राहायचंय.

हेच हवं होतं मला. ते त्याने मिळवलं.

मनात आलं, राहू दे. तिचं चांगलं होतंय ना. मी डोंगरात राहीन, खिडकीतून बघत जाईन. बाप म्हणून मी जे केलं त्याहून हे वाईट नाही.

३ ऑगस्ट

फुमिएबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कागोशिमाला गेल्या. जाताना बोटीवरून त्याला ओरडून सांगत होत्या, पोरीला उपाशी ठेवू नकोस.

संध्याकाळी ओट्यावर तो चिहारुला म्हणाला, परवा आपण दोघंच वाळू घेऊन वर जाऊ. आपली खाजगी सफर.

नाही.

राहू दे म्हटलं होतं ते मागे घेतो. तिला नाही. तिच्या पाठीला लागून जी उतरेल — हसणारी, न रुसणारी, शहाणी — आणि माझी वर, या पडवीत, माझ्याबरोबर रताळी खात —

४ ऑगस्ट

रात्री तिचे पांढरे बूट उचलून बागेतल्या पाण्याच्या टाकीत टाकले, झाकण लावलं, वर दगड ठेवला. बुटांशिवाय कशी जाईल.

पडवीवर परत जाताना तिच्या छत्रीत चिठ्ठीही ठेवली — जाऊ नकोस, बाबा. सकाळी पुन्हा खिडकीबाहेर येऊन पाहिलं, तर तिच्याआधी तोच छत्रीपाशी आला. चिठ्ठी उघडली. वाचली. नीट घडी घालून खिशात ठेवली. मग खिडकीतून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याला मी दिसतो. पहिल्यापासून दिसत असणार.

वाकला. पुरा, कमरेतून. परक्याला करतात तसा.

५ ऑगस्ट, सकाळ

गेले. फुमिएबाईंचे काळे रबरी बूट घालून गेली ती. दोन माप मोठे. फटक फटक आवाज करत, कुरकुरत. बूट सापडत नाहीत म्हणून त्याच्यावर चिडली होती. तो हसत होता.

मी मागे जात नाही. वर जाऊन काय करणार, वर सगळं त्याचंच. दगडापाशी कोणी तरी हवं. फुमिएबाई नाहीत. गावाला रीत आठवत नाही. हॉटेलच्या मुली हॉटेलात.

मीच.

फुमिएबाईंचा थर्मास घेतला. चहा केला, चुलीशी हात भाजला, छान वाटलं. दगडाच्या गावाकडच्या बाजूला बसलो आहे. ती उतरेल तेव्हा तिला कोणी ‘ये’ म्हटलेलं नसेल, म्हणजे मी दिसेन. माझं ‘ये’ चालेल का ठाऊक नाही. मलाच कोणी म्हटलेलं नाही. पण दुसरं कोण आहे.

दुपार

पाऊस. कोणी नाही.

उंडे करता आले असते तर केले असते. पानं तोडून ठेवलीत. उगीच.

पाऊस थांबला

पावलं. पिवळा रेनकोट, वळणावर. पळत येतेय. हसतेय. हात हलवतेय. बाबा, बाबा —

पायांत पांढरे बूट.

पांढरे. कोरडे. टाकीवरचा दगड इथून दिसतो, जागचा हललेला नाही.

दगडापाशी येऊन उभी आहे. आले हं, बाबा, म्हणते. आणि थांबते. ‘आले हं’ म्हटलं की समोरून ‘ये’ येतंच. दारात, जिन्यात, आयुष्यभर. आपल्यात कोणी विचार करून म्हणत नाही ते. माझ्या जिभेवर आलंच होतं. दात आवळले. लिहितो आहे म्हणजे तोंड बंद राहील. लिहीत राहायचं. माझी येईपर्यंत लिहीत राहायचं.

आले हं, बाबा. पुन्हा. केवढं गोड बोलते. चिहारु असं कधी बोलली नाही. चहाकडे बघते. हात पुढे करते. नखांत हिरवं आहे.

आले हं.

आले हं, बाबा, ऐकू येत नाही का.

नाही. लिहीत राहा. थर्मास. झाकण. पानं. दगड. ओसाका. झेरॉक्स —

फटक फटक

वर. वळणावर. रबरी बूट. माझी! चिखलात माखलेली, तोंड फुगलेलं, एकटी. त्याने पुढे पाठवली असणार. पायाला चावले असतील बूट. रागावली आहे. किती छान रागावली आहे माझी पोर.

ये, ये, अजून चार पावलं, जवळ ये, मग म्हणेन —

थांबली.

हिला पाहिलं तिने. मग मला. बाप वर सोडून आली ना ती. खाली तोच बाप, आणि बापापाशी ती स्वतःच. ओठ थरथरतायत. आता रडेल. रडू दे, पण ये —

नाही रडत. पाठ फिरवली.

पाठ फिरवून वर निघाली.

हाक मारायला हवी. मोठ्याने. दोनदा. त्याशिवाय थांबत नाही ती. पण हाक मारली तर ‘ये’च येणार तोंडातून, आणि ही मध्ये उभी आहे, ओठांकडे टक लावून, कान पुढे करून. आधी हिच्या कानावर पडेल. हिचं होईल.

फटक फटक. लांब.

पिवळं थोडंसंच दिसतंय झाडांतून. वळणाच्या पलीकडे तो आहे. निळं जाकीट. हात पसरून उभा. तिला ‘ये’ म्हणायला त्याला दगड लागत नाही, तिकडे सगळं —

हिचे कान दाबून धरतो. एका हाताने पेन्सिल — नको — दोन्ही हातांनी दाबतो आणि ओरडतो, दोनदा, चिहारु, चि